मीटरवर नसलेले किलोमीटर

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत आणि त्याला ते नाव मनापासून आवडे, यातच त्याचा स्वभाव आला. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तो सांगून मोकळा होई, की हिचं बेअरिंग गेलंय, तिचा सायलेन्सर फुटलाय आणि मागून येणारीचा ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून बसलाय. दहात नऊ वेळा बरोबर निघे. दहाव्या वेळी वारा उलटा असे.

त्याचा स्वतःचा ट्रक लहानखुरा आणि म्हातारा. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं आणि मीटर एकदा सगळे आकडे संपवून पुन्हा शून्यापासून मोजायला लागलं होतं. कानसेन पहाटे भाजी भरून मंडईत नेई, दुपारी परत येई, जेवे आणि असा झोपे की शेजारचं घर पाडलं तरी कूस बदलणार नाही. दिवसभर जगाचे आवाज टिपणारे ते कान दुपारी दुकान बंद करत.

घरात माणसं तीन. बायको औषधांच्या दुकानात कामाला, ती संध्याकाळीच यायची. तिसऱ्या सासूबाई. सासरे वारल्यावर लेकीने हट्टाने आईला आणलं होतं. बाई बोलायला मऊ, हाताने चोख आणि चेहऱ्याने इतक्या गरीब, की बसस्टॉपवर अनोळखी माणसं त्यांच्या हातातली पिशवी धरत. सासऱ्यांचा जन्म दुसऱ्यांचे ट्रक चालवण्यात गेला होता आणि बाईंचा अर्धा जन्म त्यांच्या शेजारच्या सीटवर. स्टेअरिंगचं नाव काढलं की सासरे म्हणत, तू रस्ता बघ, तेवढं पुरे. बाईंनी रस्ता तर बघितलाच, पण बघणाऱ्याचे डोळे कुठे एकाच जागी राहतात?

तर एका संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी विषय काढला, की ट्रकचा टायमिंग बेल्ट बदलायला झालाय. कानसेनचा घास हातातच राहिला. मीठ कमी पडलंय, असं म्हणावं त्या सुरात बाई टायमिंग बेल्ट म्हणाल्या होत्या.

हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला रबरी दातेरी पट्टा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांना तो एका तालात नाचवतो. तो तुटला की पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह वाटेतच उभा असतो, दोघांची टक्कर होते आणि इंजिन भंगारवाल्याकडे जातं. कानसेनला हे शिकवायला नको होतं. त्याने सासूबाईंना प्रेमाने समजावलं, की मागच्या वेळी पट्टा बदलला तेव्हाचा आकडा त्याच्या डोक्यात आहे, मीटरप्रमाणे चौथा हिस्सा आयुष्य अजून बाकी आहे आणि काही बिघडलंच तर आपले कान आहेत. बायको ताटाकडे बघत जेवत राहिली. एरवी ती आईची बाजू घेतल्याशिवाय पाणीही प्यायची नाही.

सासूबाईंनी नाद सोडला नाही. आधी त्यांना स्वप्न पडलं. मग शेजारणीच्या भाच्याचा ट्रक पट्टा तुटून बंद पडला. त्या भाच्याकडे सायकलसुद्धा नाही, हे पुढे कळलं. मग त्यांना इंजिनात काहीतरी खुट्ट वाजलेलं ऐकू आलं. यावर कानसेनने बॉनेट उघडून बराच वेळ कान लावला आणि तंबोऱ्यासारखं लागलंय म्हणून सांगितलं. वर ट्रकचं कौतुकही केलं. गेलं वर्षदीड वर्ष गाडी डिझेल इतकं कमी पीत होती, की त्याने बसवलेल्या नव्या एअर फिल्टरची कीर्ती मंडईभर झाली होती. दोघा-तिघांनी तर त्याचं ऐकून तसलाच फिल्टर बसवून घेतला होता.

गॅरेजचा मिस्त्रीही त्याला एकदा म्हणाला, की कंपनीने अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं सांगितलीत, त्यातलं जे आधी येईल ते धरायचं. आणि तुझी गाडी भार वाहते, धूळ खाते, म्हणजे त्याच्याही आधी. "आणि कानांच्या भरवशावर राहू नकोस," तो म्हणाला. "फॅनबेल्ट कुरकुर करतो. हा सोशिक माणसासारखा आहे, कुरकुर नाही की तक्रार नाही, एक दिवस उठून जातो." कानसेनने मान डोलावली. पण माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो आणि कानसेन झाला तरी माणूसच.

अशातच काचेची खेप आली. घाटापलीकडे एका बाईची रोपांची नर्सरी होती. तिला काचघर बांधायचं होतं आणि मोठमोठी तावदानं घाटातून न्यायची होती. कानसेनने आनंदाने होकार दिला. तावदानं उभी करून, मध्ये जुन्या गोधड्या घालून, दोऱ्या आवळून त्याने आदल्या दिवशी ट्रक भरला. भरलेला ट्रक, खाली उतरत जाणारी वळणं आणि तिथेच इंजिन बंद पडलं तर ब्रेक दगडासारखा होतो. मग काचही जाते आणि काचेमागे माणूसही.

सकाळी तो निघाला तर सासूबाई बॉनेटला पाठ लावून उभ्या.

"आई, बाजूला व्हा. उशीर होतोय."

"पट्टा बदलल्याशिवाय ही गाडी घाटात जायची नाही."

"अहो, मीटर बघा ना येऊन. अजून किती बाकी आहे."

"मीटर खोटं बोलतंय, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मीच त्याला खोटं बोलायला लावलंय."

मग त्यांनी सांगून टाकलं. गेलं दीड वर्ष, जावई झोपला की आठवड्यातून तीनचार दुपारी त्या ट्रक बाहेर काढत. मीटरच्या मागे हात घालून केबलची फिरकी सोडवत. पूर्वी मालकांना फसवायला ड्रायव्हर ही युक्ती करत, आणि नवऱ्याने नकळत शिकवलेली ही एकच विद्या त्यांच्याकडे होती. घाट चढून नर्सरीत जायचं, रोपं भरायची, अलीकडच्या बागांमध्ये पोचवायची आणि जावई चहाला उठायच्या आत परत यायचं. केबल काढल्यावर वेगाचा काटाही मेलेलाच. बाई घाटात वेग पोटातल्या पाण्यावरून ओळखत. ट्रकमधली माती बटाट्यांची समजून कानसेन रोज झाडत होता, ती रोपांची होती. मिस्त्रीला त्यांनी गुपचूप पट्टा बदलायची गळही घातली होती. मालकाच्या पाठीमागे इंजिन उघडणार नाही, त्याला खरं सांगा, म्हणून त्याने हात जोडले.

कानसेनला पहिल्यांदा सुचलं ते भलतंच. "पण मग डिझेल?"

"ते मी भरून ठेवायची. उसनं परत देताना वाटी थोडी शिगोशीग भरावी, म्हणून जरा जास्तच."

म्हणजे एअर फिल्टर गेला. मंडईत आता तोंड कुठे लपवायचं, हा एक विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. पण त्यामागून येणारा विचार फार वाईट होता. दीड वर्ष त्याच्याच खिडकीखालून त्याचाच ट्रक निघत होता, आणि कानसेन घोरत होता.

"आवाज कसा आला नाही मला?"

"इंजिन लावतच नव्हते इथे," सासूबाई म्हणाल्या. गल्ली उताराची. हँडब्रेक सोडून त्या ट्रक नुसता घरंगळत कोपऱ्यापर्यंत नेत आणि तिथे चालू करत. येताना वरच्या तोंडाने येऊन, इंजिन बंद करून, ब्रेकवर सगळं वजन टाकत पुन्हा त्याच जागी, चाक त्याच विटेला टेकवून उभा करत. वीट कधी सरकली नव्हती. कानसेन स्वतः उभा करी तेव्हा ती सरके.

समोरच्या दुकानातल्या शिंप्याचं मशीन केव्हाचं थांबलं होतं. खिडक्यांमध्ये माणसं होती. कानसेनने वर बघून विचारलं, की कुणाकुणाला माहीत होतं. कुणीच काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना. शेवटी शिंपी म्हणाला, की इतकी सुरेख चालवतात, आम्हाला वाटलं तुम्हीच शिकवली असेल. दारात बायको उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

सासूबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि एक किल्ली त्याच्या हातावर ठेवली. नवी कोरी, चावीवाल्याकडून करून घेतलेली.

"लेकीकडे मला काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं म्हणावं असं हे एवढंच होतं. म्हणून इतके दिवस बोलले नाही. आता तुमच्याजवळच राहू द्या."

कानसेनला राग यायला हवा होता. तो आला नाही. या बाई गप्प राहिल्या असत्या तर किल्ली त्यांचीच राहिली असती. पट्टा तुटलाच असता, तर दोष जुन्या गाडीच्या नशिबावर गेला असता. कुणी ब्र काढला नसता. हे सगळं ठाऊक असून त्या बॉनेटपुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याने किल्ली खिशात टाकली आणि ट्रक गॅरेजकडे वळवला. काच दुसऱ्या दिवशी नेतो, असा निरोप नर्सरीवालीला धाडला.

मिस्त्रीने झाकण उतरवलं आणि शिट्टी वाजवली. पट्ट्याची एक कड उसवून तिचे दोरे निघाले होते. दातांच्या मुळाशी भेगा होत्या, पाठ काचेसारखी गुळगुळीत झाली होती. त्याने पट्टा बोटांत दुमडला तर एक दात तुटून कानसेनच्या चपलेपाशी पडला.

"कधी गेला असता?" कानसेनने विचारलं.

"उद्या. नाही तर सहा महिन्यांनी. सांगता येत नाही, हाच तर याचा वाईट गुण."

इंजिन उघडलंच आहे तर ताण देणारी पुलीही बदलू, पाण्याचा पंपही बदलू, नाहीतर पुन्हा एवढ्याचसाठी पोट फाडावं लागेल, असं मिस्त्री म्हणाला. कानसेन सगळ्याला हो म्हणत गेला. इंजिन सुरू झालं तेव्हा तो सवयीने कान लावायला वाकला, आणि मग मध्येच सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने सासूबाईंना सोबत चला म्हटलं. काचेवर नजर ठेवायला माणूस हवा, असं कारण दिलं. त्या मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसल्या, हात मांडीवर ठेवून, रस्ता बघत. घाटाच्या पायथ्याशी त्याने ट्रक बाजूला घेतला, उतरला, वळसा घालून त्यांच्या दाराशी आला आणि दार उघडलं.

"सरका पलीकडे, आई. घाट तुमच्या जास्त सवयीचा आहे."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "काच आहे मागे."

"म्हणूनच म्हणतोय."

त्या सरकल्या. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, आणि हात सवयीने डॅशबोर्डखाली गेला तो तिथेच थांबला. "मीटरची केबल?"

"लावलेलीच राहू द्या," कानसेन म्हणाला. "तुमचे किलोमीटर आता मीटरवर येऊ देत." खिशातून ती नवी किल्ली काढून त्याने त्यांच्या हातात दिली, आणि बाईंनी दोनदा डोळे पुसून गाडी सुरू केली.

दुसऱ्याच्या गाडीत बसणं ही कानसेनला शिक्षाच असे. बसमध्येही तो ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत राही आणि उतरताना पिंडऱ्या चोळत उतरे. पहिल्या वळणाला त्याने सवयीने पाय रोवले. दुसऱ्या वळणाच्या आधीच सासूबाईंनी खालचा गिअर टाकला होता. तो म्हणणार होता नेमका तेव्हा, आणि इतका अलगद की दांडा हलल्याचंच फक्त दिसलं. मागे काचेचा साधा किणकिणाटही नाही. चढ संपला, उतार लागला, तरी बाईंचा पाय ब्रेकवर कमी आणि लक्ष इंजिनाच्या ओढीवर जास्त. अशी गाडी चालवणारी माणसं त्याने आयुष्यात दोन पाहिली होती, आणि त्यातला एक तो स्वतःला समजत होता. आता ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसता एकसारखा, समाधानी आवाज.

दुपारी नर्सरीच्या फाटकातून त्याने बायकोला फोन केला. तावदानं उतरत होती, एकालाही चरा गेला नव्हता, आणि नर्सरीवाली सासूबाईंना मिठी मारून सोडायचं नाव घेत नव्हती. हे सगळं त्याने सांगितलं, घाटात गाडी सासूबाईंनी चालवली हेही.

"अहो, पण घाटात आईने कशी चालवली?"

"मला काय माहीत? मला झोप लागली होती."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचा दुसऱ्याच्या गाडीत डोळा लागलेला बायकोने एकदाही पाहिला नव्हता. पलीकडून तिचा आवाज आला, जरासा भरलेला.

"आईला सांगितलंत का हे?"

"सांगायचं काय त्यात?" कानसेन म्हणाला. "त्यांनीच तर उठवलं मला."