हुंगून सोडलेलं पाणी

"काका, सोडायचं ना?" फिटरनं व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून विचारलं.

काकांनी हातातला मग नाकाशी धरला. मगात शेवटच्या टाकीतलं पाणी होतं. अख्ख्या गावाचं सांडपाणी गाळून, निवळून इथवर आलेलं. पलीकडे ओढा. सव्वीस वर्षं काकांनी हुंगल्याशिवाय हे पाणी ओढ्यात गेलं नव्हतं. प्रयोगशाळेचा निकाल यायला पाच दिवस लागत. काकांच्या नाकाचा एका श्वासात लागे. म्हणून तर सगळे त्यांना नाकवाले काका म्हणत.

पाणी काचेसारखं नितळ होतं. वास मात्र नव्हता. हल्ली कशालाच नव्हता. ताप येऊन गेल्यापासून चौदा दिवस काका मग नुसता नाकाशी धरत, डोळ्यांनी पाणी बघत आणि "सोड" म्हणत. नाक गेलं म्हटलं की टेबलाशी फायली लावायला बसवतील, ही धास्ती.

पण आज सकाळी ते शेगडीशेजारीच पेपर वाचत बसलेले असताना पातेल्यातलं दूध करपून काळं झालं. लेक तान्हीला अर्धवट पाजून धावत आली.

"अहो बाबा, शेजारी बसून वास नाही आला?"

"बातमीत डोकं होतं गं."

"डोकं बातमीत होतं, नाक कुठं होतं?" ती हसली. काका हसले नाहीत.

आता फिटर वाट बघत होता. काकांनी मग खाली घेतला.

"थांब. मॅडमना बोलाव."

केमिस्ट मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. हातमोजे काढत आल्या.

"मॅडम, मला वास येत नाही. तापापासून. चौदा दिवस झाले."

मॅडमनी हात पुढे केला. त्यांनी मग घेतला, हुंगला, परत हुंगला.

"रॉकेलसारखं काहीतरी येतंय. अगदी पुसट."

"बंदच ठेव रे," काका फिटरला म्हणाले. "सगळं मागच्या टाकीत फिरव."

"त्या गॅरेजवाल्यानं परत गटारात डबा ओतला असणार, बघतोच त्याच्याकडे," फिटर म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे काका, तुमचं नाक गेलं?"

"गेलं कुठलं. रजेवर आहे."

मॅडमना हसू आलं, तरी त्यांनी ते आवरलं. "आधी का नाही सांगितलंत?"

"फायलींपाशी बसवाल म्हणून."

"पाणी सोडायच्या सह्या आता मीच करणार, काका. पण त्याआधी मला शिकवा. चांगल्या पाण्याचा वास कसा असतो?"

काकांनी डोळे मिटले. "नव्या मडक्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यासारखा. सडक्या अंड्याचा आला, तर टाकीत हवा कमी पडली समजा. आणि घशाशी गोडसर लागलं, तर कुणाला विचारत बसू नका. बंद."

दुपारपर्यंत एकेका टाकीचं पाणी मगात आलं. मॅडम हुंगून वर्णन करायच्या, काका त्या वासाचं नाव सांगायचे.

घरी जाताना ते ओढ्यावर उतरले. न हुंगता सोडलेल्या चौदा दिवसांच्या पाण्याचं ओझं मनावर होतंच. पाइपाच्या तोंडाखाली, दगडांच्या फटीत बोटाएवढे मासे नेहमीसारखे एकमेकांना ढुसण्या देत होते. काका बराच वेळ बघत राहिले.

घरी लेकीला त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि नुकतीच न्हाऊ घातलेली तान्ही त्यांच्या मांडीवर दिली. सवयीनं त्यांनी तिच्या टाळूवर नाक टेकवलं. वास नव्हताच.

"कसा येतोय, बाबा?" लेकीनं हळूच विचारलं.

"तू एवढीशी होतीस, तुझा यायचा, तसाच," काका म्हणाले, आणि नाक तिथंच ठेवलं.