गादीच्या पेशी

“रेघ बसली,” पडद्याकडं बघत सर म्हणाले. “या पेशी टाकून द्या, स्नेहल. उद्या नवा गुडघा आणा.”

मटणाच्या दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या गुडघ्यातली गादी सोडवून तिच्या पेशी स्नेहलनं प्रयोगशाळेत बशीत वाढवल्या होत्या, जिवापाड जपल्या होत्या. पण बशीत वाढता वाढता या पेशी आपला धर्म सोडतात, गादी व्हायचं विसरतात. भिंगाखाली ते चटकन कळत नाही. इन्फ्रारेड प्रकाशाला मात्र फसवता येत नाही. वाळवलेल्या पेशींतून तो पार झाला की पडद्यावर रेघ उमटते, आणि गादीचा उंचवटा असायचा तिथं आज सपाट माळ होता.

स्नेहलला आधी आई आठवली. तिनं आईला शब्द दिला होता. आई, पद्मावती, शिरोळकडच्या जैन घरातली. कांदा-बटाटा वर्ज्य, दिवस मावळला की तोंडात घास नाही. गुडघे गेले म्हणून लेकीकडं कळंब्याला राहायला आलेली. लेकीचं काम कळल्यावर तिनं मंदिरात भगवंतासमोर कबूल करून घेतलं होतं, की झालं ते झालं, पुन्हा त्यापायी जीव जायला नको. पेशी आपोआप वाढत राहतात, असं स्नेहलनं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या भरवशावर आई तिच्या हातचं जेवत होती.

खोटं बोलली असती तर खपून गेलं असतं. पण संध्याकाळी ऊन असतानाच घरी येऊन तिनं ताट वाढलं, आणि आईच्या तोंडाकडं बघून तिला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे उद्या परत आणायचा?” आईनं विचारलं.

“व्हय. न्हाय आणला तर काम सुटतंय. ते खायलाच कापत्यात की, आई. तुझ्यासारख्यांचं गुडघं बरं व्हावं म्हणून तर हे...”

“माझ्या गुडघ्यापायी नगं.”

आईनं ताट हळूच बाजूला सारलं. ती चिडली नाही. चिडली असती तर स्नेहलला सोसलं असतं. “तू तुझं काम कर. माझं मी शिजिवतो,” असं म्हणून ती भिंत धरत ओट्याशी गेली.

“बस की तू. नुसतं तांदूळ तरी धुतो मी.”

“नगं, बाळ.”

आईनं तांदूळ धुतले, पातेलं गॅसवर चढवलं. मधेच कळ आली तशी ओट्यावर ओणवी झाली, पुन्हा ताठ झाली. स्नेहल दारात नुसती उभी होती. खिडकीबाहेरचं ऊन समोरच्या गच्चीवर चढलं आणि तिथूनही गेलं. भात अजून कच्चाच होता. आईनं बाहेर बघितलं, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं.

“तू जेवून घे,” ती म्हणाली. “गार होतंय.”