माझ्या पोटातली परवाची आमटी

मी एक जुना, सारखा घरघरणारा फ्रिज आहे, मित्रांनो. मुलुंडच्या एका सोसायटीत, पार्वतीकाकूंच्या स्वयंपाकघरात माझा जन्म सरला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं पोट शुभ्र होतं. त्याला कसलाही वास नव्हता. चौऱ्याऐंशी साली टेम्पोतून उतरलो, तेव्हा काकूंनी माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मजल्यावरच्या बायका बर्फ न्यायला यायच्या आणि माझं कौतुक करून जायच्या. मी अगदी फुगून गेलो होतो.

पण पुढे माझ्या पोटात जे जे कोंबलं गेलं, ते आठवलं की आजही मला शिसारी येते. काकू मोठ्या भाविक. अन्न टाकणं म्हणजे अन्नपूर्णेचा अपमान, असं त्या मानत. मी येण्यापूर्वी घरात बेतानंच शिजे आणि उरलेलं त्याच दिवशी गाईला जाई. मी आल्यावर मात्र त्या म्हणू लागल्या, "फ्रिजात ठेवलंय ना, मग काही होत नाही!"

होत नाही कसं? आमटीवर फेस यायचा. भेंडीला तार सुटायची. दह्यावर हिरवट केसाळ बुरशी चढायची, आणि काकू ती चमच्यानं काढून उरलेलं पुन्हा झाकून ठेवायच्या. शी! मला नाक नाही, पण अंगभर वास मुरला होता.

बरं, हे खायचं कुणी? देवाला ताजं, पुरुषांना ताजं. वाट्या संपवायच्या त्या घरच्या बायकांनी. मी आल्यापासून काकूही शिळंच खात आल्या होत्या, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

एका श्रावणात त्यांची सून कुंदा तान्हं बाळ घेऊन माहेराहून आली. माहेरी तिला अळिवाची खीर, गरम भाकरी, मेथीची भाजी मिळत होती. इथे तिच्या पुढ्यात माझ्या पोटातल्या वाट्या आल्या. बिचारी मुकाट्यानं खायची. मग एके दिवशी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. ती पार गळून गेली. अंगावरचं दूध आटू लागलं आणि बाळ छातीशी धडपडून, भुकेनं रडून लालबुंद व्हायचं.

शेजारची विमला कुंदाला बघायला आली. पाण्याची बाटली काढायला तिनं माझं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला.

"काकू, आत मेलंय काय?"

"मेलं काही नाही गं. परवाची आमटी आहे. कुंदाला बरं वाटलं की घेईल ती."

"देवाला दाखवाल ही?"

"भलतंच काय बोलतेस! देवाला फ्रिजमधलं चालत नाही."

"अहो, देवाला काही बाळाला पाजायचं नाहीये!" विमला म्हणाली. "जे त्याला चालत नाही, ते हिला कसं चालेल?"

आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. काकूंचा उपास. त्यांनी मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी असा नैवेद्य केला. पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. नैवेद्याचं पान घरात नेहमी कर्त्या पुरुषाचं. त्यामुळे काकूंचा मुलगा नंदकुमार सवयीनं पाटावर येऊन बसला.

"तुझं वेगळं वाढते रे," काकू म्हणाल्या. "हे पान कुंदाचं."

"आई, पण नैवेद्याचं पान नेहमी..."

"नेहमीचं पुरे झालं!"

ताट उचलून त्या कुंदाच्या खाटेपाशी गेल्या. "ऊठ बाळे, गरम आहे तोवर खा. जाईल तेवढंच खा."

कुंदा हळूहळू जेवली. काकूंनी माझ्यातल्या साऱ्या वाट्या नाक दाबून मोरीत ओतल्या आणि मला सोड्याच्या पाण्यानं पुसलं. पुढे रोज नैवेद्याचं पान कुंदाकडेच जाऊ लागलं. ती सावरली, दूध आलं, बाळ पोटभर पिऊन झोपू लागलं.

मित्रांनो, आता मी गॅलरीत उभा आहे, बंद पडलेला. माझ्या जागी नवा आला आहे. तुमच्याही घरी असेल एखादा. माझं एक काम करा. आज जेवायला बसाल, तेव्हा आईच्या ताटाकडे वाकून पाहा. तिच्या वाटीतलं कधीचं आहे, ते विचारा. ती हसून "ताजंच आहे" म्हणेल. तरी एकदा वास घ्या.