भरमूअण्णाचे टाळ

आमच्या खासबागेतल्या विठोबाच्या देवळात रामनवमीचं कीर्तन मारुतीरावबुवा करीत आणि त्यांच्यामागं टाळ धरी भरमूअण्णा विणकर. तीस वर्षं. साठीला आला तसे त्याचे कान गेले. गेल्या साली बुवा निरूपणाला थांबले, तरी याचे टाळ वाजतच राहिले. लोक हसले. बुवांनी मनगट धरलं, तेव्हा त्याला कळलं.

यंदा सकाळीच तो टाळ फडक्यात बांधून घेऊन आला. मागं बायको, शालूबाई.

"बुवा, ठेवून घ्या. मला कायबी ऐकू येत न्हाय."

बुवांनी टाळ हातात घेतले. शेजारी इंग्रजी शाळेचे तम्मण्णा मास्तर आणि मी हार ओवत होतो. मास्तरांना बुवांनी विचारलं, "मास्तर, ऐकण्याला विंग्रजीत काय म्हणत्यात?"

"दोन शब्द हाईत. हिअर आणि लिसन."

शालूबाई म्हणाली, "एका कामाला दोन गडी कशाला?"

"कामंच दोन हाईत, आक्का. रस्त्यानं गाडी गेली, खडखड कानावर पडली, ते हिअर. आपल्याला काय करावं लागत न्हाय. लिसन म्हंजे आपण होऊन जीव तिकडं लावायचा. लेक माहेराला यायचीय, आई दाराशी बसून गाडीच्या घुंगरांची चाहूल घेतीया, ते लिसन."

"आणि चाहूल लागलीच न्हाय तर?"

"तर हिअर झालं न्हाय. पण लिसन हाईच की. आई बसलीया न्हवं?"

शालूबाईनं पदर डोळ्यांना लावला. बुवा उठले. "मग ह्याचं एकच गेलंय," म्हणाले, आणि टाळ भरमूअण्णाच्या हातात परत दिले. कीर्तनाच्या वेळी त्याला अनवाणीच मृदंगाशेजारी लाकडी मंचाच्या फळ्यांवर उभं केलं.

कीर्तन रंगलं. भरमूअण्णाचे डोळे मिटलेले. पावलं मात्र विणताना मागाच्या पावड्यांवर असावीत तशी एकाआड एक दबत होती. मृदंगाची प्रत्येक थाप फळीतून तळव्यात जात होती आणि तिथून टाळांत. एक मात्रा चुकली नाही.

मग बुवांनी हात वर केला. मृदंग थांबला. शेजारी बसलेल्या शालूबाईनं माझी बाही घट्ट धरली.

टाळ थांबले. त्याच क्षणी. मिटल्या डोळ्यांनी तो उभा होता, पावलं फळीवर टेकवून.

पुढं बुवांनी काय निरूपण केलं, विचाराल तर मला सांगता यायचं नाही. माझे दोन्ही कान शाबूत होते. मी त्या पावलांकडं बघत होतो.