नकाराचा गृहपाठ

इनाझुमी योशिहारूंना नाही म्हणता येत नसे. जपानमधल्या मात्सुए शहराच्या त्या गल्लीत ही गोष्ट त्यांच्या केस कापायच्या दुकानापेक्षा जास्त प्रसिद्ध होती. म्हणून गल्लीतल्या ओबोन या पितरांच्या उत्सवाचं प्रमुखपद दरवर्षी त्यांच्याकडे येई. शेजाऱ्यांचं कासवही त्यांच्याकडेच होतं. शेजारी ओसाकाहून केव्हाच परतले होते, कासव न्यायचं राहून गेलं होतं. आणि उन्हाळी जपानी वर्गासाठी मंगोलियाहून आलेली सोलोंगोही त्यांच्याचकडे उतरली होती.

यंदा मात्र त्यांच्या बायकोने, फुमिएने, ऐन उत्सवाच्या दिवसांत गरम झऱ्यांच्या गावी खोली घेतली होती. लग्न झाल्यापासून तिला तिथे जायचं होतं आणि दरवर्षी हा उत्सव आडवा येत होता.

"यंदा मी जाणार," काकडी चिरता चिरता ती म्हणाली. "तुम्ही आलात तर दोघं जाऊ. नाही आलात तर मी आणि कासव."

सोलोंगोची पंचाईत वेगळीच होती. वर्गातल्या बाईंनी गृहपाठ दिला होता: कुणाला तरी सभ्य विनंती करा, सभ्य नकार मिळवा आणि तो लिहून आणा. तिने इनाझुमींकडे दुकानातली फिरती खुर्ची मागितली. त्यांनी ती घाम गाळत जिन्यावरून तिच्या खोलीत चढवली. पोस्टात तिने शिक्के मारू द्या म्हटलं, तर पत्रांचा गठ्ठाच पुढे आला. अग्निशमन केंद्रात शिडीवर चढू का म्हणाली, तर हेल्मेट घालून वर फोटोही काढला. परदेशी पोरगी इतकं नीट बोलतेय म्हटल्यावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. वर्गात बाकी सगळ्यांना नकार मिळाले होते. एका स्वीडिश मुलाला तर काही न मागताच मिळाला होता.

गल्लीच्या बैठकीला ती इनाझुमींच्या मागोमाग गेली. तिथे तरी कुणी कुणाला नाही म्हणेल, अशी तिला आशा होती.

बैठकीची रीत ठरलेली. टोफूवाले कुरुसुआजोबा, गल्लीतले सर्वांत वडीलधारे, विचारायचे की यंदा उत्सव कोण बघणार. मग सगळे माना खाली घालून टेबल न्याहाळायचे. जो आधी आवाज करेल त्याच्या गळ्यात उत्सव. इनाझुमींना शांतता सोसायची नाही. ते दरवर्षी खाकरायचे, आणि खाकरणं म्हणजे होकार, असा त्या टेबलाचा कायदा होता.

यंदा फुमिएने त्यांच्या तोंडात एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट आलुबुखार, देऊन ठेवली होती. तिची बी चघळत राहा, खाकरू नका, एवढीच आज्ञा होती.

आजोबांनी विचारलं. शांतता पसरली. चहातला बर्फ विरघळला. औषधवाल्याने डोळे मिटून घेतले आणि बहुधा तो झोपला. इनाझुमींचा घसा खवखवू लागला, डोळ्यांत पाणी आलं. वाफेत कासवाशेजारी निवांत बसलेली फुमिए त्यांना स्पष्ट दिसली. आता खाकरणार, एवढ्यात सोलोंगो उठली आणि कमरेतून वाकली.

"कुरुसुआजोबा, आपल्याला त्रास देतेय, फार संकोच वाटतो. पण यंदाचा उत्सव आपण सांभाळाल का?"

असं तोंडावर विचारता येतं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांना तर आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारण्याचं खातं त्यांचं. सोलोंगो पेन्सिल सरसावून नकाराची वाट पाहत होती.

"सांभाळीन की," आजोबा म्हणाले. मग औषधवाल्याकडे बघून पुटपुटले, "इतक्या वर्षांत एकाला सुचलं नाही. मला वाटायचं, मी नकोच आहे तुम्हाला."

टाळ्या पडल्या. इनाझुमींनी आनंदाच्या भरात बी गिळली. सोलोंगो रडवेली होऊन खाली बसली.

घरी फुमिएने बॅग काढलीच होती. सोलोंगोने शेवटचा प्रयत्न केला. "आई, झऱ्यांवर तुमच्याबरोबर मी आले तर चालेल का?"

इनाझुमींनी हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," फुमिए म्हणाली.

सोलोंगोने तिला मिठी मारली आणि तो शब्द सुवाच्य अक्षरात लिहून नेला. बाईंनी लाल शाईत शेरा मारला: 'उदाहरण काल्पनिक. जपानी माणूस असं बोलत नाही. पुन्हा करा.' पुन्हा नाही केलं तर चालेल का, असं सोलोंगोने नम्रपणे विचारलं. बाईंनी मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, "हं, ते जरा…"

सोलोंगोने तेवढंच लिहून दिलं. पैकीच्या पैकी मिळाले.

उत्सवाच्या सकाळी इनाझुमी नवराबायको गाडीत बसले. निघताना कासवाची मालकीण, ती शेजारीण, धावत आली होती. कासवाने कधी गरम झरा पाहिलेला नाही, एवढंच ती म्हणाली होती. ते आता इनाझुमींच्या मांडीवर, टोपलीत होतं. फुमिए खिडकीबाहेर बघत होती. तिने नवऱ्याला एक उमेबोशी दिली आणि दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली.