भरल्या टेबलावरचं कौतुक

"जन्नतबी, काय गं तुझा हात चालतो! बघा गं सगळ्याजणी, एक वाकडी भेंडी सुटत न्हाई हिच्या नजरंतनं!"

राजश्री हे चांगलं खणखणीत आवाजात बोलली आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. गिताबाईने डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी उगाच सारखी केली. झाडलोट करणाऱ्या सोजरबाईने केरसुणी भिंतीला टेकवली आणि कंबरेवर हात ठेवून ती बघत राहिली. जिचं कौतुक झालं होतं त्या जन्नतबीने मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले. "बरं मॅडम," एवढंच ती म्हणाली आणि पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने भेंड्या निवडायला लागली.

कौतुक ऐकून जन्नतबी पूर्वीसारखी हसून बोलेल अशी राजश्रीला उमेद होती, त्या जागी हे "मॅडम" येऊन बसलं. तिला वाईट वाटलं. एवढं चांगलं बोलूनही बाई बोलायला तयार नाही म्हणजे काय?

तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे, शिरूरच्या बाजूला, ही भाजी निवडून डब्यांत भरायची शेड होती. परदेशी जाणारी भेंडी, मिरची इथे टेबलावर पसरायची. वाकडी, जून, डागाळलेली बाजूला काढायची, उरलेली डब्यात लावायची. राजश्री आणि जन्नतबी एकाच दिवशी इथे कामाला लागल्या आणि तेव्हापासून कोपराला कोपर लावून उभ्या राहिल्या. एकीच्या घरची भाकरी दुसरीच्या डब्यात निघायची. राजश्रीच्या पहिल्या बाळंतपणात जन्नतबी रोज डिंकाचा लाडू घेऊन यायची आणि तो खाऊन होईपर्यंत हलायची नाही.

मग सुपरवायझर रोहिदास नोकरी सोडून दौंडला गेला. दिवसभर ओरडणं एवढंच त्याचं काम असल्यामुळे तो गेल्यावर शेडमध्ये पहिल्यांदा कोल्ड स्टोरेजच्या मशीनचा आवाज ऐकू आला. शेड चालवणाऱ्या शितल मॅडमनी बाहेरचा माणूस न आणता राजश्रीला त्या जागेवर बसवलं. "महिनाभर बघू," त्या म्हणाल्या. बोर्डावर तिचं नाव लागलं आणि त्या दिवसापासून जन्नतबी तिला "तुम्ही" म्हणायला लागली. डबा उघडायची वेळ झाली की ती तोंड फिरवून बसायची. आता तर कानावर आलं होतं की महिनाअखेर ती नदीपलीकडे यवतला बहिणीकडे जाणार, तिथल्या धाब्यावर स्वयंपाकाचं काम बघणार.

सुपरवायझरकी गेली असती तर राजश्रीने परत टोपी घालून भेंडी निवडली असती. पण शेजारी जन्नतबी नसताना ती निवडायची, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

म्हणून तर तिने हा कौतुकाचा घाट घातला होता. शितल मॅडमनी तिला पुण्याला एका दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. थंडगार हॉल, समोर पाण्याची बाटली आणि माणसं कशी वागतात ते सांगणारे एक सर. ते म्हणाले, "माणूस चुकला की आपण लगेच बोलतो. नीट वागला की गप्प बसतो. मग नीट वागून त्याला मिळतं काय? जे वागणं वाढायला हवं, त्याच्या मागोमाग त्याला काहीतरी चांगलं मिळू द्या. लगेच द्या आणि नेमकं सांगा." राजश्रीला हे एकदम पटलं. रोहिदासने इतक्या वर्षांत "शाब्बास" हा शब्द फक्त क्रिकेट बघताना वापरला होता.

प्रयोगाला घरापासून सुरुवात झाली. नवऱ्याने, धम्मदीपने, सकाळी चहा केला. ती म्हणाली, "आलं ठेचून घातलं, म्हनून चव आली बघा." धम्मदीपने कप खाली ठेवला. "माहेरी किती दिवस निघालीस?"

शेडमध्ये मात्र पहिल्याच दिवशी गुण आला. सोजरबाईला ती म्हणाली, "मावशी, तुमी क्रेट एका रांगंत लावलं, म्हनून आज गाडी लवकर भरली." सोजरबाईला सुनेनेही कधी असं म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून क्रेट पलटणीसारखे उभे राहायला लागले आणि गाडीच्या ड्रायव्हरला हाताला धरून आणून ते दाखवण्यात यायला लागले. राजश्रीला वाटलं, किल्ली सापडली. आता मोठं कुलूप उघडू. आणि भरल्या टेबलावर तिने जन्नतबीचं कौतुक केलं.

ते असं अंगाशी आलं.

दुसऱ्या दिवशी जन्नतबीच्या हातून भरलेला क्रेट सुटला. भेंड्या पार कोल्ड स्टोरेजच्या दारापर्यंत पसरल्या. ती मनगट धरून खाली बसली. मनगट चांगलं सुजलं होतं. तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं, आणि रिक्षा गेटबाहेर पडते न पडते तोच गिताबाईने तोंड सोडलं.

"तरी मी म्हनलं! भरल्या टेबलावर असं कुनी बोलतं व्हय? दिष्ट लागली बिचारीच्या हाताला."

"कुनाची दिष्ट?" राजश्रीने विचारलं.

सगळ्याजणी भेंडीकडे बघायला लागल्या. तेवढ्यावरून काय ते कळलं.

"गिताबाई, असलं काय नसतंय. आमच्या घरात हे खूळ आज्ज्याच्या वेळंलाच बंद झालं. बाबासाहेबांचं नाव सांगायचं आन् मीठ-मिरच्या ओवाळायच्या, हे न्हाई जमायचं."

"तू मान नायतर नको मानू," सोजरबाई म्हणाली, "पर मला बोललीस तवापास्नं माझंबी गुडघं धरल्यात. क्रेट वढून वढून."

त्या दिवसापासून शेडमध्ये नवीनच तऱ्हा सुरू झाली. राजश्री टेबलाजवळ आली की बायका मुद्दाम हळू हात चालवायच्या. एकीने तर तिला येताना बघून चांगली भरलेली डबी विस्कटून ठेवली. न जाणो, बाई पुन्हा कौतुक करायची! रोहिदासच्या शिव्यांना जेवढं कोणी घाबरलं नव्हतं, तेवढं राजश्रीच्या शाबासकीला घाबरायला लागलं. ट्रेनिंगच्या सरांनी हे काही सांगितलेलं नव्हतं.

शेवटी संध्याकाळी ती जन्नतबीच्या घरी गेली. मशिदीमागच्या बोळात पत्र्याचं दार, दारात तुळशीएवढीच जपलेली मेंदी. जन्नतबीच्या लेकीने, निखतने, दार उघडलं. आत जन्नतबी हाताला फडकं गुंडाळून बसली होती.

"या मॅडम. निखत, खुर्ची दे मॅडमला."

"मॅडमला घाल चुलीत," राजश्री म्हणाली आणि खाली तिच्या शेजारीच बसली. "हात दाव."

राजश्रीने फडकं जरा सरकवून मनगट बघितलं. "माझ्यामुळं झालं व्हय गं हे? सगळ्या म्हनतात, दिष्ट लागली."

जन्नतबीला हसू यायला लागलं. ते तिने दाबून धरलं, पण टिकलं नाही. "अगं, हा हात उन्हाळ्यापास्नं दुखतोय. रोहिदासभाऊला सांगितलं असतं, तर त्यानं घरी बसवलं असतं. म्हनून दाबून दाबून काम केलं."

"आन् मला का न्हाई सांगितलंस?"

"तू मॅडम झालीस ना." एवढं बोलून ती फडक्याचं टोक उलगडत बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी जरा दम खावा म्हनत व्हते. तेवढ्यात तू बोललीस. सगळ्या माझ्या हाताकडं बघायला लागल्या. मग थांबू कशी? लाज वाटली. लावला जोर, दिवसभर लावला."

राजश्रीला ट्रेनिंगचा दिवस आठवला. तिथे उत्तर देणाऱ्याला सर एक एक चॉकलेट देत होते. साखरेचा आजार असलेल्या एका साहेबांना चॉकलेट मिळाल्यावर ते त्यांनी मुकाट्याने खिशात घातलं, आणि पुढे दिवसभर एकाही प्रश्नाला हात वर केला नाही. सगळे हसले होते, तीही हसली होती. आता तिला वाटलं, आपणही तेच केलं. आपल्याला गोड लागतं ते हिच्या तोंडात कोंबलं. घेणारीला काय हवंय, ते विचारायचं राहूनच गेलं.

"तुला काय पायजे जन्नतबी? खरं सांग."

"मला शेवटाला उभी कर. भरलेल्या डब्या तपासायला. डोळं शाबूत हायेत माझं, हाताला जरा इसावा पायजे. मग यवतला कशाला जाऊ?" मग ती हळूच म्हणाली, "आन् काय बोलायचं असंल तर कानात बोल. गावजेवण घालू नको."

निखत आतून चहा घेऊन आली तेव्हा दोघी हसत होत्या. कशाला, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी राजश्रीने शितल मॅडमना गाठलं. बरं वाटल्यावर जन्नतबी तपासणीला उभी राहील आणि चहाच्या सुट्टीनंतर सगळ्यांच्या जागा बदलतील, म्हणजे एकाच हाताला दिवसभर तेच काम पडणार नाही. शितल मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, वेग कमी होईल म्हणाल्या. "महिना संपायचाय अजून, बघा तर," राजश्री म्हणाली. आणि टेबलावरच्या बायकांना तिने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, कुठं दुखतं, काय जड जातं. पहिल्या दिवशी कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गिताबाईने टाचा दाखवल्या आणि मग बांध फुटला. असं ऐकून घ्यायला रोहिदासला दहा जन्म लागले असते.

सूज उतरल्यावर जन्नतबी कामावर आली. मनगटाला पट्टा होता. जेवणाच्या सुट्टीत ती शेडमागच्या लिंबाखाली गेली. तिथे सोजरबाई शेगडीवर चहा करायची. जन्नतबीने ओढणीची गाठ सोडली. आत सुक्या मिरच्या आणि खडेमीठ.

"राजश्री, हिकडं ये. हितं उभी ऱ्हा."

"हे काय?"

"तुझी नजर उतरवायची हाय."

"माझी? आगं, लागली तुला म्हनत व्हते ना सगळ्या! आन् मी मानत न्हाई, म्हाईत हाय तुला."

"तू नको मानू. मानायचं काम माझं. तू नुस्ती उभी ऱ्हा."

बायका हातातला घास तसाच ठेवून भोवती जमल्या. जन्नतबीने मूठ वळली, पण हात काही वर उचलला नाही. मान खाली घालून ती बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बोर्डावर तुझं नाव लागलं, तवा माझ्या पोटात कळ आली. मला वाटलेलं, माझं लागंल. घरी जाऊन रडले. तुझ्यासाठी दुवा मागायची सोडून रडले. त्यानंतर तुझं धड काही झालंच न्हाई. चांगलं बोलायला गेलीस, तरी वाकडं झालं. कुनाची नजर लागली असंल तर माझीच लागली."

राजश्रीला आज्जा आठवला, त्याने ओढ्यात नेऊन टाकलेले शेंदराचे दगड आठवले. मग तिने समोर बघितलं. जन्नतबीची मूठ अजून वळलेलीच होती. राजश्री शेगडीसमोर जाऊन सरळ उभी राहिली.

जन्नतबीने डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि मिरच्या-मीठ निखाऱ्यावर टाकलं. मीठ तडतडलं.

"आता बघायचं," सोजरबाई दबक्या आवाजात म्हणाली. "ठसका न्हाई लागला, तर समजायचं, दिष्ट व्हती. लागला, तर काईच नव्हतं."

सगळ्या श्वास रोखून उभ्या राहिल्या. जन्नतबी निखाऱ्याकडे बघत होती, निकाल ऐकायला उभं राहावं तशी. मिरच्या काळ्या पडत गेल्या. वारा उलट्या बाजूला होता. धुराची रेघ लिंबाच्या खोडाकडे निघाली होती.

तेवढ्यात राजश्रीला जोरात ठसका लागला.

ती खोकली, पदर तोंडाला लावून पुन्हा खोकली, वाकून खोकली. धूर अजून तिच्यापासून हातभर लांब होता. जन्नतबीने चमकून तिच्याकडे बघितलं. राजश्री खोकता खोकता तिच्याकडेच बघत होती.

मग वारा फिरला. गिताबाई खोकायला लागली, सोजरबाई खोकायला लागली, बायका डोळे पुसत, हसत, एकमेकींना ढकलत लिंबाखालून पळाल्या. जन्नतबी तिथेच उभी होती. खोकून खोकून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चांगल्या हाताने ती राजश्रीची पाठ चोळत होती.