निजण्याच्या दोन खुणा

दुभाषी बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे शेवटचं गाणं मला कळलेलं नाही."

मॅनेजर हसला. "अहो, पोराटोरांना तोंडपाठ आहे ते!"

"पाठ मलाही आहे. कळलेलं नाही."

संध्याकाळच्या कार्यक्रमाला चाळीस बहिरी माणसं येणार होती. मंचाच्या कोपऱ्यात उभं राहून गाण्याची ओळ न् ओळ त्यांना हातांनी सांगायची, हे बाईंचं काम. आईवडील दोघंही बहिरे. बोलायच्या आधी त्या खुणा शिकल्या होत्या. पण तीन दिवस त्यांचं घोडं एकाच ओळीपाशी अडलं होतं: 'एवढे दिवे मालवा आता, मला निजू द्या.' ह्याच ओळीवर हजारो लोक उड्या मारत नाचायचे.

"हलवा हो काहीतरी हात," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला. "गाणंच तर आहे."

"नुसतं हलायलाच हवं असतं तर तुम्ही पंखा लावला असतात. मला गायकांना भेटायचंय."

"ते कुणाला भेटत नाहीत."

"मग मी उभी राहत नाही."

मॅनेजरचा नाइलाज झाला.

मेकअपच्या खोलीत गायक आरशाकडे पाठ करून बसला होता. जेमतेम सव्वीस-सत्तावीसचा. बाहेरच्या फलकावर दिसायचा त्याच्या निम्माच वाटत होता. जेवणाचं ताट झाकलेलंच होतं. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"एकच विचारते. निजणं दाखवायला माझ्याकडे दोन खुणा आहेत." त्यांनी गाल तळहातावर टेकवला. "ह्यातला माणूस सकाळी उठतो." मग हात छातीवरून सावकाश खाली आणला आणि मांडीवर उताणा पडू दिला. "ह्यातला उठत नाही. गाणं तुम्ही लिहिलंय. कुठली करू?"

तो सवयीनं हसला. "तुम्हाला बरी वाटेल ती करा, मॅडम."

"ती माणसं माझ्या हातांवर विश्वास ठेवतात. त्यांना खोटं सांगायचं नाही मला."

हसू ओसरलं. बराच वेळ तो बाईंच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिला. मग बोट उचलून त्यानं त्याच हाताकडे दाखवलं.

बाईंनी हात तिथून हलवला नाही.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. चार गाण्यांत लिहिलं. लोक टाळ्या वाजवतात."

"घरी कोण असतं?"

"ताई."

"लावा फोन. आत्ता."

फोन लागला. "बोल रे," ताईचा आवाज आला. "हॅलो? अरे, बोल ना!"

तो बोलत होता, पण नुसते ओठ हलत होते. हजारोंच्या गर्दीला पुरणारा आवाज फुटतच नव्हता. त्यानं फोन बाईंपुढे धरला.

आवाजाविना हलणारे ओठ बघतच बाई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. आणि दुभाष्यानं 'तो म्हणतोय' असं कधी म्हणायचं नसतं, 'मी'च म्हणायचं असतं. त्याच्या ओठांवरची नजर न काढता त्यांनी एकेक शब्द उचलून फोनमध्ये सांगितला.

"ताई, मी बोलतोय. मी आज गाणार नाही. मला एकटं राहायची भीती वाटते. तू ये."

बोलतंय कोण, हे ताईनं विचारलं नाही. किल्ल्या उचलल्याचा खळखळाट तेवढा ऐकू आला.

"निघालेच."

बाहेरून मॅनेजरनं दार वाजवलं. "झालं का हो? लोकांना आत सोडायची वेळ झाली!"

बाई उठल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.